समुद्राला घातलेली पार

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मला नागपूरला चित्रकला शिकायला जायचं होतं आणि बाबा अर्जावर सही करत नव्हते. चित्रं काढायला गावात जागा कमी पडते का, एवढंच त्यांचं म्हणणं. मग मीही हट्टाला पेटले. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या पुस्तकात परदेशातल्या एका समुद्रकिनाऱ्याचं जुनं चित्र होतं. छत्र्या, झगेवाल्या बाया, पळणारी लेकरं, एक कुत्रं, सगळं नुसत्या रंगाच्या फटकाऱ्यांनी केलेलं. कोणालाच नाकडोळे नाहीत, तरी गोंदियाच्या बाजारासारखी गजबज. आठ दिवस खपून मी त्याची मोठी नक्कल केली आणि बाबा जेवून उठल्यावर त्यांच्यासमोर धरली.

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी दिसलं की आमच्यात आधी त्याची पार, म्हणजे बांध, शोधतात. बाबांनी चित्र चारी कोपऱ्यांत तपासलं. झग्यांबद्दल चकार शब्द नाही.

"पार कोठी हाय?"

समुद्राला पार नसते, हे मी त्यांना भरती-ओहोटीसकट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढं पाणी मोकळं सोडून त्याच्यासमोर लेकरं खेळवणाऱ्या लोकांची अक्कल काढली. आई आतून हसत होती. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. दुसऱ्या दिवशी त्याच रागात मी निळ्या लाटांसमोर तांबड्या मुरमाची पार घातली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घ्या म्हटलं.

त्यांनी ते टोमणा म्हणून घेतलंच नाही. चष्मा लावून नीट पाहिलं.

"पार बरोबर हाय. पन सलंग कोठी ठेवली?" सलंग म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. "सारंच पानी अडवून धरलं का पार फुटते, पोरी."

एवढं बोलून त्यांनी चित्रावरची नजर माझ्याकडे वळवली. रंग अजून ओला होता. मी बोटानेच एका कडेची पार पुसून वाट केली. मान वर केली तर बाबा हात पुढे करून अर्ज मागत होते.

ते चित्र अजून आमच्या ओसरीत आहे. पाहुणे विचारतात, हा कुठला तलाव, इटियाडोह का? बाबा सांगतात, "समुद्र हाय. आमच्या पोरीनं बांधला."