उत्तराला हात लावायचा नाय

तौरबाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो सुट्टी मागायला, आणि परत आलो तो अपमान करून घेऊन. संभाजीनगरजवळ वाळूजला आमच्या रबराचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी प्लॅनिंगला नवा होतो आणि त्या प्लॅनिंगच्या प्रमुख. "मॅडम, शनिवारी सुट्टी पाहिजेच," मी म्हणालो. बाईंनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "अट हाय का हट्ट?" मला काही कळेना. म्हटलं, "नाही, म्हणजे सासरवाडीला जायचंय..." "म्हंजे हट्ट. तुमचा का बायकोचा?" बायकोचा, असं मी कबूल केलं. "मंग जा. तो मोडायची आपली ताकद नाय."

शोभा तौर हे त्यांचं नाव. पैठणकडच्या शेतकरी घरातल्या, स्टॅटिस्टिक्समध्ये एम. एस्सी. झालेल्या. उंची बेताची, आवाज मात्र रबर दाबणारे प्रेस चालू असतानाही शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा. समोर मुंबईचे डायरेक्टर बसलेले असोत की आणखी कुणी, बाई चहा बशीत ओतूनच प्यायच्या, आणि तोही फुर्रकन. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे तौरबाई. हे त्यांना ठाऊक होतं. "पाठीमागचं नाव खरं असतं," असं म्हणून त्या खुशाल हसायच्या.

त्यांचं हत्यार एकच, लिनियर प्रोग्रॅमिंग. हे नाव ऐकलं की आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना जांभई यायची आणि उरलेल्यांना एकदम बाहेर काम निघायचं. बाई दारात उभ्या राहून समजावून सांगायच्या. "आधी एका वाक्यात सांगायचं, तुम्हाला काय पायजे. माल जास्त पायजे का खर्च कमी? दोन्ही म्हणलात तर घरी जा. मंग आडवं काय काय येतंय ते लिहायचं. मशीनचे तास इतके, रबर इतकं, माणसं इतकी. ह्या सगळ्यातनं सगळ्यात बरी वाट कोणती, ते कॉम्प्युटर दाखवतो. यात भ्यायसारखं काय हाय?" भ्यायसारखं होतं ते पहिलं वाक्यच. आपल्याला नेमकं काय पाहिजे, हे कारखान्यात एकालाही सांगता यायचं नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तर नुसती जत्रा. सेल्सवाल्यांना सगळा माल शनिवारच्या आत हवा. क्वालिटीवाल्यांना प्रत्येक नग तपासायचाय. स्टोअरवाल्यांना गोदाम रिकामं पाहिजे. आणि प्लॅन्टचे मुख्य सोमण साहेब, त्यांना ओव्हरटाइम हा शब्दही कानावर नको. एकदा बाईंनी सगळ्यांचं म्हणणं जसंच्या तसं मॉडेलमध्ये, म्हणजे त्या गणितात, भरलं आणि सर्वांदेखत बटण दाबलं. कॉम्प्युटरनं क्षणात सांगितलं, उत्तर अस्तित्वात नाही. बाईंनी चहाचा एक घोट घेतला. "बगा. तुम्ही म्हणता तसं जगच नाय. आता कोण आपला हट्ट सोडतंय, ते आपसात ठरवा. मी समोसा खाऊन येते." आणि खरोखरच गेल्या.

अशा बाईंच्या गळ्यात एक दिवस मुंबईच्या हेड ऑफिसनं धोंडा बांधला. तिसऱ्या शिफ्टमध्ये माल फारच कमी निघतो, ती बंद केली तर काय होईल ते मॉडेल लावून दाखवा, असा हुकूम आला. 'दाखवा' म्हणजे काय, हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथं कुणी नव्हतं. रात्रीच्या त्या शिफ्टला तीसेक माणसं होती. त्यांतला एक पॅकिंगचा प्रकाश तौर, बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. शेतीवर भागेना म्हणून ठेकेदाराकडून लागलेला, दोन मुलांचा बाप.

बाईंनी मॉडेल लावलं. उत्तर आलं, शिफ्ट बंद करा.

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. उठलो, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणालो, "मॅडम, दोन-चार आकडे इकडचे तिकडे केले तर कोणाच्या बापाला कळणार आहे?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता नोकरी गेली. "जोशी, उत्तराला हात लावायचा नाय. लावायचा तर प्रश्नाला लावा. काय विचारू राह्यलो आपण, ते बगू."

मग त्यांनी मॉडेलमधली एकेक अट उकरायला घेतली. ही कुणी घातली? का घातली? काढली तर कोण मरतंय? त्यात एक अट अशी होती, की प्रेसवरचा साचा फक्त दिवसाच बदलायचा. ही आकाशातून पडली की काय, म्हणून बाई शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन साचे बदलणाऱ्या मुजीबभाईंना भेटल्या. मुजीबभाई हसायलाच लागले. "मॅडम, साचा तो हम चाय ठंडी होने से पहले बदल देते. पन पहला नग पास करने को सोमण साब की सही होना. साब सुबह आते. तब तक प्रेस बी बैठा, हम बी बैठे."

झालं होतं असं, की फार पूर्वी एकदा रात्री चुकीच्या साच्यातून माल निघाला आणि सगळा परत आला. तेव्हापासून साचा बदलल्यावरचा पहिला नग सोमण साहेब स्वतः बघणार, असा नियम झाला. साहेब संध्याकाळी घरी. म्हणजे रात्री एक ऑर्डर संपली की प्रेस सकाळपर्यंत ठप्प. आणि आम्ही मात्र तिसरी शिफ्ट आळशी, तिसरी शिफ्ट आळशी म्हणून बोंबलत होतो.

मीटिंगला हेड ऑफिसचे दोघं आले होते. बाईंनी आधी पहिलं उत्तर दाखवलं, शिफ्ट बंद करण्याचं. लपवलं नाही. मग दुसरा तक्ता लावला. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक अटीपुढे एक आकडा येतो. ती अट जरा सैल केली तर किती फायदा होईल, ते त्यावरून कळतं. नवीन प्रेस घ्या म्हणून आम्ही दरवर्षी टाहो फोडायचो. प्रेसच्या तासांपुढे शून्य. रबरापुढे शून्य. भट्टीपुढे शून्य. सगळ्यात खाली एका अटीपुढे भलामोठा आकडा होता आणि त्या अटीचं नाव होतं, 'सोमण साहेब'.

"माझं नाव का आहे इथं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अटीला नाव द्यावं लागतं. हिला दुसरं सुचलं नाय." बाईंनी पुढचा तक्ता लावला. "रातच्या क्वालिटीवाल्याला सही करू द्या. शिफ्ट स्वतःच्या पायावर उभी राहते."

साहेबांचे कान लाल झाले. पण तेही कच्चे नव्हते. "तौर मॅडम, त्या शिफ्टला तुमचा भाऊ आहे ना?"

मला वाटलं, संपलं. आता हे सगळं भावासाठी रचलेलं नाटक ठरणार. मुंबईच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा.

"व्हय, हाय. तेच सांगायचं राहिलं," बाई म्हणाल्या. "मालाचा ट्रक दुपारी निघतो. मंग रातच्या पॅकिंगचं कामच नाय, ते दिवसाच्या माणसांत बसतं. पॅकिंगची चार माणसं कमी होतात. उत्तरात तसंच आलंय. त्यात माझा भाऊ हाय."

सोमण साहेबांनी पाणी प्यायलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. सही रात्रीच्या माणसाकडे द्या." एवढंच. शिफ्ट वाचली. महिना संपता संपता पॅकिंगची ती चार माणसं गेली, प्रकाशही गेला.

मला मात्र राहवेना. कॅन्टीनमध्ये बाई डबा उघडून नुसत्या बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला काही माया आहे की नाही? पॅकिंगला रात्री एक माणूस ठेवा, एवढी एक ओळ मॉडेलमध्ये घातली असती तर कोण विचारणार होतं?

"सोमण साहेबांनी विचारलं की," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "भाऊ वाचवला असता, तर बाकीच्या पोरांचं उत्तर कुणी खरं धरलं असतं, जोशी? सगळेच गेले असते. मला काय कळत नाय का? आई फोन उचलत नाय माझा. परकाश म्हणतो, ताई, तू बरोबर केलंस. तो तसं म्हणतो ना, तेच लई लागतं."

मला स्वतःचीच लाज वाटली. बाई उठल्या, भरला डबा तसाच बंद केला आणि हात धुवायला बेसिनपाशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि तसाच चालू ठेवला. संभाजीनगरात पाण्याची कायम टंचाई, नळ असा वाहू देत नाही कोणी. रांगेत चार-पाच जण खरकटे हात घेऊन उभे होते, मुजीबभाईही होते, पण बाईंचे हलणारे खांदे थांबेपर्यंत कुणी पुढे सरकलं नाही.