दुसऱ्या बटणापर्यंत पाणी

जिंतूरच्या पुढं डोंगरात शेळ्या राखणारी एक मावशी होती. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. ती मला पट्टीवाला म्हणायची, मी तिला मावशी म्हणायचो. आज मी हातीपायी धड आहे आणि कामावर आहे, या दोन्ही गोष्टी तिच्यामुळं. म्हणून आधी तिचं सांगितलं. आता काय झालं ते सांगतो. त्यात माझी अक्कल फारशी दिसणार नाही.

मी रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला पाझर तलावांच्या मोजणीवर रोजंदारीनं चिकटवून दिलं आणि दोन दिवस एसटीत बसून मी परभणी जिल्ह्यात येऊन पडलो. नामांतराचे मोर्चे चालू होते, गाडी निघाली तरी पोचेल की नाही सांगता यायचं नाही. मी पोचलो. परत जायची मात्र माझी तयारी नव्हती, कारण घरी मी 'सरकारी कामावर चाललो' असं सगळ्या वाडीला सांगून आलो होतो.

काम म्हणजे पट्टी धरणं. पट्टी म्हणजे आकडे रंगवलेली माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी फळी. ती ठरलेल्या दगडावर उभी धरायची. मोजणीचे साहेब लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचणार आणि वहीत लिहिणार. हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. साहेबांनी उजवा हात हलवला की पट्टी उजवीकडं, डावा हलवला की डावीकडं. हात खाली सोडला की आकडा मिळाला, पट्टी उचला. "खूण केल्याशिवाय जागा सोडलीस तर त्याच दिवशी घरी," असं साहेबांनी पहिल्या सकाळीच सांगितलं. ते मी इतकं मनावर घेतलं होतं की जेवतानासुद्धा पाठ ताठ ठेवून बसायचो.

मोजायची होती ती एक घळ. कोकणातल्या माणसाला डोंगर म्हणजे हिरवा आणि ओला. इथं डोंगराला कुणी कपडेच घातलेले नव्हते. काळा दगड थरावर थर रचलेला, दोन थरांच्या मध्ये लालसर मुरुमाची पट्टी, आणि मुरुमात पांढऱ्या गारा चमकत असलेल्या. पहिल्या दिवशी मी खिसाभर गारा गोळा केल्या, हिरे असतील म्हणून. साहेबांनी एक हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "असल्या दोन बैलगाड्या भरून घेऊन जा, कोण विचारतंय." तरी दोन मी ठेवल्या.

घळीच्या दोन्ही बाजूंना दगडाच्या फटीतून सीताफळीची झाडं आलेली. माती कुठं होती देव जाणे. फळं पिकून डोळे उघडून बसली होती. घळीच्या तळाशी गुडघ्याएवढ्या डबक्यांची माळ, त्यात आभाळ तुकड्या तुकड्यानं पडलेलं, आणि एक खंड्या रोज त्याच दगडावर बसून माझ्याकडं साहेबांसारखाच बघायचा. घळीच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली सगळं खोरं उघडं. फुटायला आलेला कापूस, तुरीची पिवळी फुलं, मध्येच हिवराची एकटी झाडं, आणि अगदी लांब धरणाचं पाणी, पत्र्याचा तुकडा पडल्यासारखं. पहिले दोन दिवस मला ते रुक्ष वाटलं. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना सगळा काळा दगड जांभळा झाला, तेव्हा मी पट्टी वाकडी धरली आणि शिव्या खाल्ल्या.

मावशी शेळ्या घेऊन वरच्या कडेला असायची. खोऱ्यात तिच्या घरची दोन एकर कोरडवाहू होती, ती नवरा बघायचा, शेळ्या ही बघायची. हातात लांब काठी, टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. तिला ती आकडी म्हणायची. आकडीनं उंच फांदी ओढून शेळ्यांना पाला काढायचा. वरून ती मला विचारायची, "काय करायलास रं, पट्टीवाल्या?"

मी म्हणायचो, "उभा आहे."

"यवढंच? आन पगार देतेत?"

"देतात."

"मंग माझ्या बोकडाला बी लावून घ्या. तो दिसभर उभाच ऱ्हातो."

तिच्या बोलण्यातलं निम्मं मला कळायचं. उरलेल्या निम्म्याचा मी आपल्या अंदाजानं अर्थ लावायचो, आणि तिथंच घोटाळा होता. जिंतूरच्या स्टँडवर उतरलो त्या दिवशीच एका माणसाला विचारलं होतं, पुढची गाडी कधी. तो म्हणाला, "यायलीय." मला वाटलं, यायची आहे अजून. म्हणून निवांत चहा घेत बसलो. गाडी आली, थांबली आणि माझ्यादेखत गेली. मी तेव्हा एवढंच मनाशी धरलं की इथली माणसं वेळेच्या बाबतीत भरवशाची नाहीत. 'यायलीय' म्हणजे या घडीला येतेच आहे, हे काही डोक्यात शिरलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी घळीच्या अगदी तळाशी, चुन्याची खूण केलेल्या चपट्या दगडावर पट्टी धरून उभा होतो. पाठीला घळीची भिंत. साहेब समोरच्या काठावर, लांब. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वरच्या अंगाला डोंगरावर काळं झालेलं. हस्ताचा पाऊस तिकडं पडत असावा. मला तहान लागली होती. मावशीनं सकाळीच सांगितलं होतं की तिची सून घागर घेऊन येईल तेव्हा तुलाही देते.

तेवढ्यात मावशी वरून ओरडली, "आरं पट्टीवाल्या, पाणी यायलंय."

मी म्हटलं, "असू दे मावशी, घाई नाही."

ती कडेवरून खाली वाकली. मग म्हणाली, "आरं पाणी यायलंय म्हनलं न्हवं?"

"आलं की प्यायला देच," मी म्हणालो. मला तिचं फार कौतुक वाटलं. परक्या माणसाच्या तहानेची कोण एवढी काळजी करतं.

मग समोर साहेब उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात एकदम वर करून हलवायला सुरुवात केली. एका हाताच्या खुणा मला पाठ होत्या. दोन हातांची खूण मला शिकवलेली नव्हती. मी विचार केला, उजवीकडं आणि डावीकडं एकदम म्हणजे बरोबर मध्ये. म्हणून पट्टी आणखी ताठ धरली. साहेबांनी नंतर सांगितलं, त्यांच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मी खाली डोकं वर पाय लटकलेला, आणि वरून मातकट पाणी उतरून माझे पाय गिळायला लागलेलं. त्यांना आधी वाटलं, काच खराब झाली.

पाण्याचा आवाज आला तेव्हा फेस माझ्या घोट्याला लागला होता. फेसावर पालापाचोळा, पिकलेली सीताफळं आणि कुणाची तरी एक चप्पल. बोटं मोजावीत इतक्या वेळात ते गुडघ्यावर, मग कमरेवर, मग छातीला. मी भिंतीला पाठ चिकटवून पट्टी कवटाळली.

मावशी कडेवर पालथी पडून आकडी खाली सोडत होती. "ती फळी सोड आदी. काठी धर."

"साहेबांनी खूण केली नाही अजून," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

"तुझा सायब गेला खड्ड्यात आन तू बी चाललास," ती म्हणाली. पुढं तिनं मला विचारलंच नाही. झाडाची फांदी ओढावी तशी आकडी माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली आणि ओढलं. पट्टी हातातून सुटली, मी मात्र वर गेलो. भिंतीच्या फटीत पाय रोवत, सीताफळीला धरत, मागच्या बाजूनं वर निघणारा मी बहुतेक पहिलाच सरकारी माणूस असेन. कडेवर पडल्यावर शेळ्यांनी येऊन मला हुंगलं.

"बोकडापरीस जड हायस," मावशी धापा टाकत म्हणाली.

पाणी आलं तसं तासाभरात उतरलं. साहेब फेरा मारून आमच्या काठावर आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पट्टी कुठंय?" मनात मी वाडीत उतरून कुणाला काय सांगायचं ते जुळवत होतो.

मावशी म्हणाली, "पट्टी पान्यानं नेली, पोरगं ठिवलं. तुमाला कोनतं पायजे व्हतं?"

साहेबांची नजर माझ्या शर्टावर गेली. पांढऱ्या शर्टावर गाळाच्या सरळ रेघा आखलेल्या होत्या, एकीखाली एक. साहेब पाच दिवस गावात ज्याला त्याला विचारत होते की घळीत पाणी कुठवर चढतं. कुणी कंबर दाखवी, कुणी झाडाचा शेंडा. त्यांनी मला परत त्या चुन्याच्या दगडावर भिंतीला टेकून उभं केलं आणि विचारलं, "जास्तीत जास्त कुठवर?"

मी घाबरून म्हणालो, "तिसऱ्या बटणापर्यंत."

"दुसऱ्या," मावशी कडेवरून म्हणाली. "मी वरून बघायले व्हते. ह्येचे डोळे मिटलेले व्हते."

साहेबांनी फितीनं दगडापासून दुसऱ्या बटणापर्यंत मोजलं आणि वहीत लिहिलं. वही मिटताना म्हणाले, "पट्टी खालच्या वळणाला कुठंतरी अडकली असेल, शोधून आण. आणि उद्या सातला ये. शर्ट धुवू नकोस." पट्टी तिसऱ्या वळणाला निवडुंगात सापडली. काटे काढायला मावशी आली होती, पट्टीचे नव्हे, माझे.

दोन दिवसांनी मोजणी पुढच्या डोंगराला गेली. निघताना मी मावशीला काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण ती आकडीकडं बघत होती. मला ओढताना बांबू मधोमध चिरला होता, त्याला तिनं सुतळी गुंडाळली होती. "चालतंय," ती म्हणाली, आणि शेळ्यांमागं गेली. चालत नव्हतं ते. उंच फांदीला लावली की आकडी लवत होती, आणि शेळ्या खाली तोंड वर करून उभ्या होत्या.

आमच्या घरामागं माणगा बांबूचं बेट आहे. भरीव, सरळ, हलका. तसला तिकडं मिळत नाही. एकदा सुट्टीत चांगला बारा फुटी तोडून एसटीत चढवायला गेलो होतो, कंडक्टरनं बांबू आणि मी दोघांनाही खाली उतरवलं. तेव्हापासून टपावर बांधू देणारा कंडक्टर शोधतो आहे. मावशी, तो बांबू मी स्वतः आणून तुझ्या हातात देणार आहे. वेळ लागेल, पण मी यायलोय.