काळा गूळ आणि तेलंगणाचा नाका

आमच्या गुऱ्हाळावरून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं आण्णांना चालायचं नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. बेंबळीच्या रस्त्याला लागून आमचं गुऱ्हाळ आहे. उकळत्या रसाची काहील चुलाणावरून उतरली की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून ते पळसाच्या पानावर गरम गूळ ठेवणार, मग तो ओळखीचा असो की नसो. शेजारच्या मळ्यातली म्हातारी तर नातवंडांसाठी घरची वाटी घेऊनच यायची.

गूळ मात्र दिसायला काळा. जमीन आमची खारवट, आणि आण्णांचा हट्ट असा की रस साफ करायला रानभेंडीचा चीक चालेल, रंग उजळवणारी पांढरी पावडर नको. "लेकरं खात्यात," एवढंच कारण. इथल्या बाजारात त्या रंगाला कुणी विचारत नव्हतं. शेवटी मीच फोनाफोनी करून असला गूळ मागणारा हैदराबादचा एक व्यापारी गाठला. हे गिऱ्हाईक टिकलं नाही तर गुऱ्हाळ मोडायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणून पहिल्या खेपेला आण्णांबरोबर मीही टेम्पोत बसले.

जीएसटी आल्यापासून नाके उठले, आता कुठलाही माल कुठंही जातो, असं मी वाटेत त्यांना शिकवत होते. उमरगा गेलं, कर्नाटकही सरळ पार झालं. तेलंगणाच्या हद्दीवर मात्र तिथल्या दारू रोखणाऱ्या पोलिसांनी हात केला. तिकडं काळ्या गुळाची हातभट्टी लावतात, म्हणून तो अडवतात. साहेबानं बिल नीट वाचलं, ताडपत्री उचलून ढेपा बघितल्या आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. माझी सगळी शिकवणी तिथंच संपली.

मग आण्णांनी जे केलं ते गुऱ्हाळवालाच करू जाणे. ढेपेचा एक खडा फोडून त्यांनी साहेबाच्या हातावर ठेवला. "चखके देखो साब. खाली हाथ किसीको नहीं भेजते हम."

सरकारी नाक्यावर, वर्दीतल्या माणसाला, चार लोकांसमोर. साहेबाला ती लाच वाटली. त्यानं खडा टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला आणि हात रुमालाला पुसला. आमचा ड्रायव्हर पुटपुटला, "गाढवाला गुळाची चव काय." मला हसू आलं, आणि रागही आला.

माणूस वाईट नव्हता. त्याच्या हद्दीत हातभट्टी पिऊन माणसं मेली होती, ती त्यानं स्वतः उचलली होती. कुठली ढेप कुणाच्या भट्टीत जाणार हे जिभेवर कळत नाही, असं तो शांतपणे म्हणाला. नमुना तपासून येईपर्यंत माल इथं राहील, नाहीतर परत न्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, दुसरं काय. उन्हानं ढेपा पाझरायला लागल्या होत्या. आम्ही गाडी वळवली.

"त्याचं बी खरं हाय," आण्णा वाटेत म्हणाले. त्या वेळी मला साहेबापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

व्यापाऱ्यानं फोनवर मार्ग सांगितला. पिवळा करून पाठवा, तोही खपतो. मी नको म्हटलं नाही, आणि हो म्हणायचीही वेळ आली नाही. आण्णा स्वतःच धाराशिवला जाऊन पावडरचा डबा घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी ती उकळत्या रसात टाकली. ढेपा पिवळ्याधमक निघाल्या, दुसऱ्या कुणाच्या गुऱ्हाळातल्या वाटाव्यात अशा. त्याच नाक्यावर त्याच साहेबानं ताडपत्री उचलली, आत बघितलं आणि जा म्हणून हात हलवला. मला आनंद झाला. गुऱ्हाळ वाचलं होतं.

पुढची काहील उतरली तेव्हा मळ्यातली म्हातारी वाटी घेऊन आली. आण्णा उठले आणि तिच्या आणि वाफ्यात निवत असलेल्या गुळाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"मावशी, आज काहील करपली. लेकरांना देण्याजोगा गूळ न्हाय."

त्यांच्या मागं पिवळा गूळ म्हातारीला स्वच्छ दिसत होता. "व्हय का," एवढंच ती म्हणाली, आणि वाटी पदराखाली धरून आल्या वाटेनं गेली. त्या दिवशी रस्त्यानं बरीच माणसं गेली. आण्णांनी कुणाला हाक मारली नाही.