डाव्या हाताची कॅप्टन

माझी बायको डावरी आहे, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. तिच्या माहेरच्यांनी ते लपवलं, असं आमची आई अजून म्हणते. उंबरमाळीच्या त्यांच्या घरी आम्ही बघायला गेलो होतो, तेव्हा सारिकानं पोह्यांच्या बश्या नीट उजव्या हातानं दिल्या आणि चहा देताना अर्धा कप माझ्या पँटवर सांडला. मला वाटलं, पोरगी लाजली. कसली लाजतेय! उजव्या हातात भरलेला कप धरायची तिला सवय नव्हती, एवढंच.

चौथ्या दिवशी तिनं माझ्या वडिलांच्या ताटात डाव्या हातानं भात वाढला. वडील, म्हणजे कमळूअण्णा, सरळ जेवायला लागले. त्यांना भाताशी मतलब. पण आईनं तिचा हात हवेतच धरला. "आमच्यात डाव्या हातानं वाढत नाय गो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पुढची सोळा वर्षं आईनं सारिकाच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. विसरून तो हात पुढे आला, की आई नुसती उभी राहायची, हात बदलेपर्यंत.

आईला लोक गुणाबाई म्हणतात आणि गावात तिच्या शब्दाला वजन आहे. लग्नाची हळद तिच्याशिवाय लागत नाही, बाळंतिणीला काय खायचं ते तिला विचारतात. वाईट बाई नव्हे. तिला तसं शिकवलं, तिनं पुढे तेच शिकवलं. सारिकालाही लहानपणी शिकवून पाहिलं होतंच. जेवताना तिचा डावा हात तिची आई ओढणीनं कमरेला बांधायची. शाळेत त्याच हातावर पट्टी बसायची. शेवटी ती उजव्या हातानं लिहायला शिकली, अक्षरही चांगलं आलं. पण विळा आणि कात्री मात्र डाव्याच हातात राहिली. भात कापताना आमच्या शेतात ती ओळीत सगळ्यांच्या उलटी चालायची आणि शेजारणीच्या कोपराला हिचं कोपर लागायचं.

मी मुरबाड-कल्याण जीप चालवतो. लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हा कल्याणच्या बाजारात मला डाव्या हाताची कात्री मिळाली. सारिका घरी शिवणकाम करते, तिच्यासाठी घेतली. कात्री हातात धरून ती रडली. त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा माणूस समजलो. पुढे माझा हा फुगा फुटला, ते सांगतोच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सिद्धगडाच्या पायथ्याला आमचं गाव, तिथं दहावीपर्यंत शाळा. शाळेत मुलींचं गाईड पथक चालवणाऱ्या बाईंची बदली झाली आणि पथक बंद पडलं. बाकीच्या बाई कल्याणहून येणाऱ्या, पाचच्या जीपला त्यांची घाई. मी रोज आणतो-नेतो, मला माहीत आहे. मुलींचे निळे गणवेश सारिकानं शिवले होते, आमची मुलगी अपेक्षाही सातवीत, त्याच पथकात होती. मुख्याध्यापक घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, पथकाची कॅप्टन व्हायला शिक्षिकाच लागते असं नाही. शिकायची तयारी लागते. बघता का?"

सोळा वर्षांत जी बाई माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिली नव्हती, ती सात दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. मी मुरबाडला एसटीत बसवून दिलं. सात दिवस आईनं स्वयंपाक केला आणि सात दिवस भांडी आपटली.

परत आली तेव्हा मी मुरबाडच्या स्टँडवर जीप घेऊन उभा होतो. निळी साडी, गळ्यात स्कार्फ, खांद्यावर पिशवी. मी तिला ओळखलं, पण जरा उशिरा. ती सरळ माझ्यासमोर आली आणि हसत तिनं डावा हात पुढे केला.

"काय गो?" मी म्हणालो.

"हात मिळवा. आमच्यात डावाच मिळवतात. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांशी डावा हात मिळवला. म्हणाल्या, हा काळजाच्या जवळचा." ती एका दमात बोलत होती. "अहो, सगळ्यांना अवघड गेलं. मला एकटीला सोपं गेलं! एकटीला!"

आजूबाजूला चार ड्रायव्हर बघत होते. मी इकडेतिकडे पाहिलं, हसण्यावारी नेलं आणि उजव्या हातानं तिची पिशवी घेतली. तिचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तिनं तो पदराला पुसला. कात्री आणून देणारा मोठा माणूस तो हाच. मला अजून त्याची लाज वाटते.

पण तिचं काही अडलं नाही. ऑक्टोबरात सतरा मुलींचं पथक उभं राहिलं. दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात शिट्टी वाजायची. गाठी, प्रथमोपचार, नकाशा, भांड्यांशिवाय स्वयंपाक. एरवी माझ्याशीही हळू बोलणारी सारिका मैदानात अशी काही आवाज द्यायची की पलीकडच्या बांधावर बैल थबकायचे. घरी काकी म्हणणाऱ्या पोरी तिथं तिला कॅप्टन म्हणायच्या. जीपमधले लोक मला 'कॅप्टनचे मिस्टर' म्हणायला लागले. वरवर मी चिडायचो. आतून, खोटं कशाला बोलू, गाडी हलकी चालायची.

बावीस फेब्रुवारीला, गाईडांच्या चिंतन दिनाला, जिल्ह्याच्या बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर मुली वचन घेणार आणि पथकाची नोंद होणार. निदान बारा मुली हव्यात, एवढी एकच अट होती. सतरा होत्या. काळजीचं कारण नव्हतं.

नोव्हेंबरात माशी शिंकली. शेजारच्या कुणालीच्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता. कुणाली आठवीतली, पथकातली सगळ्यात हुशार पोर. पाहुणे आले, नवरदेवाच्या बापाला दारात पाणी दिलं आणि कुणालीनं मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे डावा हात केला. शिकवलंय ते दाखवायला नको?

त्या माणसाचा चेहरा मी पाहिला, मी पाहुण्यांची जीप घेऊन तिथंच होतो. नाकावर डास बसावा आणि मारता येऊ नये, तसा झाला. साखरपुडा कसाबसा पार पडला. कुणालीला बापानं कानाखाली दिली. सारिका दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांच्या गावी जाऊन माफी मागून आली आणि मुलींना तिनं पुन्हा समजावलं, हे हात मिळवणं आपल्याआपल्यात, पाहुण्यांना रामरामच करायचा.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण गिरणीत दळण घेऊन गेलेली आमची आई चार बायकांसमोर बोलून गेली, "पोरीना डाव्या हाताची सवय लावते. उद्या यांना करून कोन घेल?"

गिरणीत पडलेला शब्द पिठाबरोबर घरोघरी गेला. पुढच्या रविवारी अकरा मुली आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी पाच. गिरणीवाल्याची नात कविता सगळ्यात आधी गेली. कानाखाली खाल्लेली कुणाली मात्र पहिली हजर असायची.

मला हे जीपमध्ये कळलं. मी घरी येऊन आईशी भांडायला निघालो, तर सारिकानं दार अडवलं.

"तुमी आईना काय बोलायचं नाय."

"तुझं पथक बुडवलं तिनं!"

"माझं हाय ना? मग मी बघीन." मग ती म्हणाली, "माझा हात बांधत होते तवा मला बोलता येत नव्हतं. या पोरींना एक जागा अशी पायजे, जिथं त्यांचं कायपन बांधलेलं नसल. बारा होतील. नाय झाल्या तर पाचांना शिकवीन."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आई वालाच्या शेंगा तोडायला गेली होती. आमचं शेत शाळेच्या मैदानाला लागून. बांधावरून तिचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. पहिली धावली ती कुणाली, मागे चौघी, मग सारिका. सारिका आईजवळ पोचली, पण तिनं हात लावला नाही. कुणालीकडे बघून म्हणाली, "कर."

कुणालीनं दप्तरातली फूटपट्टी मनगटाखाली घेतली, रुमालानं बांधली, सरावासाठी आणलेल्या स्कार्फची झोळी केली. गाठ मारताना ती पुटपुटत होती, "उजवा डाव्यावर, डावा उजव्यावर." आई कळवळत होती, तरी तिचं लक्ष त्या गाठीवर होतं. मुरबाडच्या डॉक्टरनं झोळी उघडली आणि विचारलं, हे कोणी बांधलं, चांगलं बांधलंय. मग सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

खरी अडचण घरी आली. उजवा हात गळ्यात. जेवायचं कसं? डाव्या हातानं घास तोंडात घालायला आई तयार नव्हती. मी भरवायला गेलो तर म्हणाली, "मी काय तान्ही हाय?" दोन दिवस ती चहावर राहिली. दोन दिवस! अण्णासुद्धा घाबरले.

तिसऱ्या दिवशी सारिका तिच्यासमोर पाट घेऊन बसली. स्वतःचं ताट घेतलं, आईचं मांडलं.

"आई, मला सहाव्या वर्षी दुसऱ्या हातानं जेवायला शिकवलं. कसं शिकतात ते मला ठाव हाय. भाकरी आधी सगळी मोडून घ्यायची. घास लहान घ्यायचा. अंगठा पुढं आणायचा, आसा." आणि तिनं, सोळा वर्षांत पहिल्यांदा आईसमोर, डाव्या हातानं घास खाल्ला.

मी दारात होतो. आता ताट उडतं, असं मला वाटलं. आईनं बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं भाकरीचा तुकडा उचलला. तो आमटीत पडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसरा तोंडात गेला.

"तुला किती दिस लागले व्हते?" आईनं विचारलं.

"वर्ष. पन माझा हात बांधत होते, आई. तुमचा कोन बांधत नाय."

आईनं मान खाली घातली आणि जेवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तर होतंच, मी जीप पुसायला बाहेर गेलो.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, आणि आईला तिळगूळ द्यायचा तो डाव्याच हातानं. गिरणीतल्या त्याच चार बायका समोर. त्या घोटाळल्या. आईनं तिळगुळाचा हात पुढे धरला आणि म्हणाली, "घ्या गो. याच हातानं आठ दिस जेवतेय, मेले नाय अजून. गिरनीत मी जे बोलले ते चुकले. आता तोंड गोड करा नि पोरीना रविवारी पाठवा." असं चुकले म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

तरी सगळ्या परत आल्या नाहीत. सतरातल्या दोघींनी नाव कायमचं काढलं, चौघींच्या घरचे ऐकेनात. बावीस फेब्रुवारीला सकाळी मैदानात मुली उभ्या राहिल्या त्या अकरा. रांगोळी काढलेली, झेंडा दोरीला बांधलेला. जिल्ह्याच्या बाई माझ्याच जीपमधून आल्या. त्यांनी रांगेवर नजर फिरवली, मग सारिकाकडे पाहिलं. मी तिच्यासाठी इतका कधी घाबरलो नव्हतो. सारिका ताठ उभी होती, फक्त तिचा अंगठा शिट्टीच्या दोरीवर सारखा फिरत होता.

"थोडं थांबू या," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात वालाच्या बांधावरून आई येताना दिसली. सकाळपासून ती घरात नव्हती, कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या हाताला धरून चालत होती गिरणीवाल्याची नात कविता, निळ्या गणवेशात. जिथं बोलून बिघडवलं, तिथंच जाऊन आई बसली होती म्हणे, चक्की बंद करायला लावून. पोरीचा आजा म्हणाला, घेऊन जा बाई, पण दळण चालू करू दे.

कविता धावत रांगेत शिरली. बारा झाल्या. मुलींनी उजव्या हाताची तीन बोटं वर करून वचन घेतलं, आणि सारिका एकेकीच्या गळ्यात स्कार्फ घालून तिच्याशी डावा हात मिळवत गेली. माझी बायको. उंबरमाळीची, कमरेला हात बांधून जेवलेली. माझा ऊर इतका भरून आला की शेजारच्या माणसाला मी उगाच सांगितलं, ती माझी मिसेस. तो म्हणाला, माहीत आहे, गावातलाच आहे मी.

कार्यक्रम संपला. आई पुढे झाली आणि सगळ्या गावासमोर तिनं सारिकापुढे डावा हात केला.

मागून कुणीतरी बाई समजुतीनं म्हणाली, "उजवा दुखत असल अजून म्हातारीचा."

आईनं मागे वळून पाहिलं. सहा दिवसांपूर्वीच प्लास्टर निघालं होतं. तिनं उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला, मूठ मिटली, उघडली.

"उजवा बरा हाय माजा," ती म्हणाली. "तरी हाच."

सारिकानं तो हात दोन्ही हातांनी धरला आणि ती रडायला लागली, कॅप्टनच्या गणवेशात, पोरींसमोर. आईनं तिला थोडं रडू दिलं. मग तिची नजर माझ्यावर आली.

"आनी तू रे? लांब काय उभा? तुजा हात काय जीपमधे ऱ्हायला?"

मी पुढे गेलो. मुरबाडच्या स्टँडवर मी जो घेतला नव्हता, तो हात सारिकानं पुन्हा पुढे केला. या वेळी मी इकडेतिकडे पाहिलं नाही.

मला अवघड गेलं. तिला सोपं गेलं.