दारातला मातीचा शिपाई

निवृत्तीनंतर नवऱ्याला काय करावं हे सुचत नव्हतं. तीस वर्षं इथे टेक्सासमध्ये, आमच्या शुगर लँडहून ह्यूस्टनला ड्राइव्ह करून पाइपलाइनची डिझाइन्स करणारा माणूस. घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात त्याने माझे मसाल्याचे डबे एक्स्पायरी डेटप्रमाणे लावले. दुसऱ्या महिन्यात, देवाची कृपा, त्याला चीनचा पहिला सम्राट सापडला.

लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं येऊ लागली. या सम्राटाने सहा राज्यं जिंकली, सगळीकडे एकच वजनंमापं आणली, गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतरसुद्धा एकसारखं केलं. "स्टँडर्डायझेशन, अगं. तेव्हा," असं म्हणताना नवऱ्याचा चेहरा अभंग ऐकत असल्यासारखा व्हायचा. एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. पानात सुरमई पडली आणि ह्याने सांगितलं की हा सम्राट दौऱ्यावर असताना वारला, मंत्र्यांनी बातमी लपवली आणि प्रेताचा वास लक्षात येऊ नये म्हणून सोबत मासळीच्या गाड्या ठेवल्या. त्यानंतर सुरमई कुणी पुन्हा मागितली नाही. मित्राच्या बायकोने उरलेली सगळी डब्यात घालून आम्हालाच दिली.

मग एक चिनी रेस्टॉरंट बंद होत होतं, तिथल्या सामानात ह्याला तो शिपाई दिसला. सम्राटाच्या थडग्यात मातीचे हजारो सैनिक पुरलेले सापडले, त्यांची ही पुरुषभर उंचीची नक्कल. माती वरवरची, आत फायबरग्लास. गाडीत तो मागे मावेना. म्हणून पुढची सीट मागे पाडून त्याला तिरका टेकवून बेल्ट लावला आणि मी मागे बसले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती.

शिपाई घराच्या दाराशी, माझ्या तुळशीच्या कुंडीशेजारी उभा राहिला. पंधरा दिवसांत कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. दर्शनी भागातली 'सैनिकी वस्तू' हलवावी. नवरा पेटला. "ही वस्तू नाही, हा इतिहास आहे," असं चार पानी उत्तर त्याने लिहायला घेतलं, आकृत्यांसकट.

ते पुरं व्हायच्या आत समोरच्या घरातली बाई आली. मूळची चीनची, पूर्वी केमिस्ट होती. इतक्या वर्षांत आमची ओळख हात हलवण्यापुरती. हातात संत्र्यांची पिशवी होती. बसली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "तक्रार मी केली."

नवऱ्याने तोंड उघडलं, पण तिने हात वर केला.

"तो थडग्यातला शिपाई आहे. मेलेल्या माणसाची राखण करतो. रोज सकाळी मी पडदा उघडते आणि तो आमच्या दाराकडे बघत असतो. माझे मिस्टर ऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांचं बायपास झालं."

बांबूचं काम सुंदर आहे म्हणून एखाद्याने आमच्या समोरच्या दारात तिरडी उभी केली असती तर, हे माझ्या मनात आलं. नवऱ्याच्याही आलं असावं. इतकी पुस्तकं वाचली, पण समोर कोण राहतं ते वाचायचं राहिलं. "सॉरी," तो म्हणाला. "खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. आत्ता हलवतो."

आणि लगेच बाहेर गेला. शिपायाला मिठी मारून उचलतोय तोवर समोरून तिचे मिस्टर टोपी घालून, बायको नको नको म्हणत असताना, रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी शिपायाला पायांकडून धरलं. उन्हात घामाघूम होत दोन म्हाताऱ्यांनी त्या योद्ध्याला मागच्या अंगणात नेलं, चक्कर आलेल्या नवरदेवाला मांडवातून नेतात तसं. तिथे आजोबांनी त्याला नीट न्याहाळलं.

"नाक चुकलंय," ते म्हणाले. "आणि तुम्ही या सम्राटाच्या मागे का लागलात? त्याचं घराणं पंधरा वर्षांत आटोपलं. त्यानंतरचं हान घराणं बघा. चारशे वर्षं."

नवऱ्याने घाम पुसला. "चारशेचं काय सांगता? आमचे सातवाहन माहीत आहेत का?"

आजोबांना माहीत नव्हते. ते खुर्ची ओढून बसले. मी सरबत केलं, त्यांच्या बायकोने संत्री सोलली आणि सातवाहन चारशे वर्षं धरायचे की तीनशे, यावर आमच्याच अंगणात दीड तास गेला. त्यात नवऱ्याला स्वतःच्याच पुस्तकात तीनशेचा आकडा सापडला आणि त्याने ते पुस्तक हळूच मांडीखाली सरकवलं. मी पाहिलं. आजोबांनीही पाहिलं असावं.

आता ते दर गुरुवारी सकाळी येतात. अकराच्या सुमाराला त्यांच्या बायकोचा मला फोन येतो. "काय चाललंय?"

"भांडतायत."

"छान," ती म्हणते. "जेवणापर्यंत ठेवून घे."