मोहनने खाल्लेल्या भाकऱ्या

डोंगरानेच मोहनला बोलावून घेतलं. दीड महिन्यापूर्वी घाटकोपरला झालेल्या शोकसभेत हे वाक्य एकामागून एक वक्ते म्हणाले आणि दर वेळी सभागृहात सुस्कारा उमटला. कॉलेजपासूनचा माझा मित्र मोहन साटम गेला तो काविळीने, म्युनिसिपल हॉस्पिटलात. तिथल्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसत. डोंगराचा त्यात काही हात नव्हता. शिवाय, आता सांगायला हरकत नाही, मोहनला डोंगर आवडतच नसत. उंचीवर त्याला गरगरायचं. स्वतःच्या घराबाहेरच्या गॅलरीतूनसुद्धा तो कठड्यापासून लांब, भिंतीला धरून चालायचा.

मग तो डोंगरात जायचा कशाला, तर आमच्या कॉलेजात युवकांसाठी एक पुरस्कार योजना होती, मूळची साहेबाच्या देशातली. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तिच्या पायऱ्या. सुवर्णपदकासाठी शेवटी निर्जन प्रदेशातून चार दिवसांची पायी मोहीम करावी लागे. आपलं ओझं आपण वाहायचं, आपलं अन्न आपण शिजवायचं, बाहेरचा घास घ्यायचा नाही. नियम करणाऱ्यांच्या देशात निर्जन प्रदेश असतीलही. आमच्या सह्याद्रीत, ज्या घाटवाटेवर आम्ही होकायंत्र लावून साहस करत होतो, तिथूनच बायका डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन आम्हाला मागे टाकत पुढे जात, आणि वळून पाहत की ही पोरं कुठे रस्ता तर चुकली नाहीत ना.

सुवर्णपदक राज्यपालांच्या हस्ते, राजभवनात मिळे आणि आईवडिलांनाही त्या समारंभाचं बोलावणं असे. मोहनला पदकापेक्षा ते बोलावणं हवं होतं. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती. साटमकाकांची गिरणी त्यात गेली ती गेलीच. काका दिवसभर दाराकडे पाठ करून बसत. लग्नकार्याला जाणंही त्यांनी सोडलं होतं, कारण तिथे लोक विचारतात, हल्ली काय करता? राजभवनात असं कुणी विचारणार नाही, असा मोहनचा अंदाज होता. मोहिमेआधीच त्याने काकांचा लग्नातला कोट ट्रंकेतून काढून लाँड्रीत नेला आणि इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून खुंटीला लावला. स्वतः मात्र सॅकमध्ये विटा भरून रोज जिना चढायचा-उतरायचा. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, ‘‘काय रे मोहन, वर किती खोल्या काढताय?’’

आम्ही पाच जण निघालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नकाशात मोकळं दिसणाऱ्या एका पठारावर तंबू लावला. नकाशा जुना असावा, कारण हाकेच्या अंतरावर चार झोपड्यांचा पाडा होता. आमची खिचडी तळाला करपली होती आणि वर कच्ची होती. तेवढ्यात पाड्यावरून एक म्हातारी आली. तिच्या टोपलीत नाचणीच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी होती. आम्ही हात जोडून नको म्हणालो. तिने विचारलं, ‘‘उपास हाय का आज?’’ आमच्यातल्या एकाने सुटकेचा मार्ग दिसल्यागत हो म्हटलं. म्हातारीने आमच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. टोपली घेऊन तशीच उभी राहिली. आपल्या हातचं चालत नाही म्हणून ही पोरं खोटं बोलतायत, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आम्हा चौघांना ते दिसलं, आणि आम्हाला नियमही दिसत होता. मोहनला त्यातलं एकच दिसलं असावं. तो पुढे होऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, ‘‘आजी, मला नाही उपास. वाढ.’’

मोहिमेच्या शेवटी पायथ्याशी परीक्षक उभे होते. ते लष्करातून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी घालणारे गृहस्थ. बाहेरचं काही घेतलंत का, हा त्यांचा शेवटचा आणि केवळ रिवाजाचा प्रश्न. आम्ही चौघे नाही म्हणालो आणि ते खरंच होतं.

मोहन म्हणाला, ‘‘हो सर. भाकरी खाल्ली.’’

परीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पेन वर उचलून धरलं. ‘‘म्हणजे चव घेतली असशील.’’

‘‘नाही सर, जेवलो. तीन भाकऱ्या.’’

पेन खाली आलं. आम्हा चौघांना पदक मिळणार होतं, मोहनला नाही. परतताना एसटीत मी त्याच्यावर उखडलो. तुला काय गरज होती, तो माणूस तुला वाट काढून देत होता, आणि त्या कोटाचं आता काय करणार? त्याने सॅक मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, ‘‘तिने एवढं समोर बसून वाढलं यार. मी जेवलोच नाही, असं कसं सांगू?’’

घरी सांगायला त्याने मला सोबत नेलं. साटमकाकांनी सगळं पाठमोरंच ऐकलं. शेवटी एकच विचारलं, ‘‘भाकरी कसली होती?’’ मोहन म्हणाला, नाचणीची. काका म्हणाले, ‘‘मगे बरा केलंस.’’ कोट मात्र खुंटीवरच राहिला.

मोहिमेला पुन्हा बसता येत होतं, पण मुलुंडच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि दर हिवाळा पुढच्या हिवाळ्यावर गेला. योजनेच्या वयात बसणारा हा त्याचा शेवटचा हिवाळा. पावसाळा संपताच त्याने विटा काढल्या आणि जिना सुरू केला. धाप लागायची, डोळे पिवळट दिसायचे. म्हणायचा, पित्त आहे. हॉस्पिटलात मी त्याला शेवटचा भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता, पण डोकं मोहिमेतच होतं. ‘‘या वेळी शिधा जास्त नेऊ,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेरचं घ्यायचं नाही असा नियम आहे ना... द्यायचं नाही असं कुठे लिहिलंय? म्हातारीला आपण जेवायला बोलावू.’’ मी म्हटलं, आपली खिचडी खाऊन ती पळून जाईल. तो हसला आणि हसण्याने दमला.

शोकसभेत ते परीक्षकच प्रमुख वक्ते होते. गळ्यात शिट्टी नव्हती. मोहन हा खरा सुवर्णपदकाचा मानकरी होता, असं ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. पहिल्या रांगेत साटमकाका ताठ बसले होते, तो कोट घालून. इस्त्रीची घडी अजून तशीच होती. लोक एकेक करून त्यांच्यापुढे येत होते, हात हातात घेत होते. हल्ली काय करता, असं त्यांना कुणीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. काका दाराकडे तोंड करून बसले होते, कुणी येणार असल्यासारखे. दारामागे, पूर्वीच्याच खिळ्याला, मोहनची सॅक भरलेली लटकत होती. मी नुसता तिच्या पट्ट्याला हात लावला. काकूंनी चहा ठेवता ठेवता पाहिलं आणि सांगितलं की विटा पाण्याच्या पिंपाखाली लावल्या, पिंप डुगडुगायचं.

सॅकमध्ये हल्ली कांदे असतात. जाड कापड आहे, हवेशीर राहतात.