मशीनची चिठ्ठी
कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की परभणीच्या दवाखान्यातली ती खोली आठवते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी बारा वर्षांची, पोलिओनं डावा पाय लुळा पडलेली. कोणत्या उपचारानं पायात जास्त बळ येतं हे पाहायला डॉक्टरांनी आम्हा मुलींना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. मानवत गावच्या एकीला विजेचं मशीन निघालं, मला नुसती तेलमालिश. तिच्या पायाची बोटं आपोआप हलताना पाहून माझा रोज जळफळाट व्हायचा. शेवटी मी म्हणालेच, "लय नशिबाची हायस तू." ती म्हणाली, "तुझी माय तुझा पाय मांडीवर घेऊन चोळती. मला मशीन लावून समदे चहाला जातेत." आई गेल्यापासून तेल मीच लावते, आणि आता जळते ती त्या बारा वर्षांच्या माझ्यावरच.